आईपासून लपवलेली उशी

सुभेदारीण काकूंमुळं मी साताऱ्यात टिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी आईबद्दल, उशीबद्दल आणि साबणाबद्दल इतकं लिहीन की काकू कुठंतरी मागं पडतील. मागं राहायची त्यांना सवय आहे. सुभेदार काका होते तेव्हा झाशी, पठाणकोट असं कुठंकुठं त्या त्यांच्या मागं राहिल्या. ते गेल्यावर मुलगा पुण्याला गेला आणि त्या गोडोलीतल्या या घराच्या मागं राहिल्या. घराच्या वर, गच्चीला लागून एक खोली आहे. आधी तिथं अडगळ होती, आता मी आहे.

मी जतच्या पूर्वेकडची. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. शाळा सातवीला सुटली. सुटली म्हणजे कुणी काढलं नाही. दिवाळी झाली की आमचा वाडा पश्चिमेकडं निघायचा. वाडा म्हणजे आमच्यात घर नव्हे. मेंढरं, घोडं, कुत्री आणि त्यांच्याबरोबर फिरणारी माणसं, सगळ्यांचा मिळून वाडा. मीही बरोबर जायची. पावसाच्या तोंडाला परत यायची तेव्हा वर्गातलं पुस्तक फार पुढं गेलेलं असायचं. एका वर्षी मी त्याच्यामागं पळायचं सोडून दिलं. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही. ती गोष्ट इथं नको. गावातल्या एका बाईच्या ओळखीनं साताऱ्याला एमआयडीसीत कामाला लागले, त्याला आता तीन वर्षं होतील.

आमच्या कारखान्यात रबराचे वायसर होतात. दिवसभर मी ते निवडते; फाटका बाजूला, चांगला पिशवीत. पगारातलं बरंचसं घरी जातं आणि उरलेल्यात मी राहते. तक्रार नाही. फक्त हाताला रबराचा वास येतो. भाकरी थापली तरी भाकरीला तोच वास येतो असं मला वाटायचं. एकदा काकूंना म्हणाले, तर त्यांनी माझा तळवा नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "टायरच्या दुकानात आल्यावानी वाटतंय खरं." दुसऱ्या दिवशी मिलिटरी कँटीनमधून आणलेली चंदनाच्या वासाची वडी माझ्या हातावर ठेवली.

मला कुणी काही दिलं की आधी भीती वाटते. हे परत मागतील का, याच्या बदल्यात काय करावं लागेल, असं डोक्यात सुरू होतं. मी ती वडी दोन दिवस कोनाड्यात तशीच ठेवली. मग शिवायच्या दोऱ्यानं तिचे चार तुकडे केले. दोरा ताणून धरला की साबण सुरीपेक्षा सरळ कापला जातो, भुगा पडत नाही. एक तुकडा रविवारच्या आंघोळीला. बाकीचे तीन कपड्यांच्या घड्यांमध्ये. म्हणजे सोमवार ते शनिवार अंगाला साधा साबण, पण कपड्याला चंदनाचा वास. कामावर शेजारच्या बाया म्हणायच्या, "आज कुणाचं लगीन हाय गं?"

असं एकेक जमत गेलं. राजवाड्याकडं एकजण जोडी फुटलेले कप विकतो, त्याच्याकडून निळ्या फुलांचा एक कप घेतला. बशी दुसऱ्याच घराण्यातली, तिच्यावर गुलाब आहेत. काकूंची गुलाबी साडी फाटली, तिचा पडदा झाला. उन्हाचं खोलीत बसलं की भिंती गुलाबी दिसायच्या. रविवारी आंघोळ करून, त्या कपात आल्याचा चहा घेऊन मी गच्चीवर बसायची, समोर अजिंक्यतारा. तेवढा अर्धा तास मी कुणाची कुणी नसायची. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आणि उशी. काकूंनी जुनी गादी उसवली तेव्हा कापूस उरला. त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं उशी हाय का?" मी म्हणाले, कपड्याचं गठुडं घेते की डोक्याखाली. त्यांनी पिंजून आणलेला कापूस पिशवीत भरून दिला आणि म्हणाल्या, खोळ तुझी तू शिव. मी शिवली, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं एक मेंढी काढली. ती कुत्र्यासारखी झाली, पण असू दे. पहिले चार दिवस मान अवघडली. पाचव्या दिवसापासून मी तिच्याशिवाय झोपू शकले नाही.

कधी कधी मला वाटायचं, मी चुकतेय. घरी थोरला भाऊ फाटक्या चपलेला तार बांधून मेंढरांमागं हिंडतो आणि मी इथं निळ्या कपातून चहा पिते. काकूंना एकदा बोलून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमचं सुभेदार बर्फात हुतं. चार महिनं माणूस दिसायचं न्हाई. तरी रोज दाढी करायचं. म्या इचारलं, कुणाला दाखवायला? तर म्हनलं, न्हाई केली तर मी हाय का न्हाई तेच मला कळंना." मग एक खडा काढून टाकत म्हणाल्या, "तू आपली चहा पी."

यंदा ज्वारीची काढणी झाल्यावर आमचा वाडा कोरेगावच्या बाजूला आला. रानं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं बसवून घेतात. लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धान्य मिळतं. तिथून भावाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमीसारखा, कुत्र्यावर ओरडता ओरडता माझ्याशी बोलणारा.

"ऐतवारी आई येतीया तुझ्याकडं."

"कशाला?"

"बगायला. तीन वर्सं झाली, तू नुस्तं फोनवर बरं हाय, बरं हाय म्हनतीस. तिला न्हाई पटलं तर संगंच घिऊन येनार हाय. हितं मानसं कमी पडत्यात."

फोन ठेवला. आमच्यात आईनं ठरवलं की ठरलं. भाऊ बडबडतो, ठरवते ती. आणि मला परत जायचं नव्हतं. मेंढरांचा कंटाळा म्हणून नव्हे. इथं, या खोलीत, मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवडीनं काही तरी केलं होतं, आणि ते मला ठेवायचं होतं.

मग मी जे केलं ते वाड्यावर वाढलेलं माणूसच करू शकतं. आमच्यात घोड्याच्या पाठीवर बसेल तेवढंच आपलं. लहानपणी मी रानातून काही उचलून आणलं, रंगीत बाटली म्हणा, फुटकी बाहुली म्हणा, की आई ते हातावर तोलायची आणि म्हणायची, "घोड्याला इचारलंस का?" मी रडत ती वस्तू बांधावर ठेवायची आणि आम्ही पुढं निघायचो. जास्तीचं सामान बाळगणारी बाई आमच्यात बेजबाबदार. तेव्हा मला वाटलं, आईला खूश करायचं तर खोली रिकामी पाहिजे. पोरगी एक पैसा उधळत नाही, नेमकं लागेल तेवढंच ठेवते, हे तिला दिसलं की ती माघारी जाईल.

शनिवारी कामावरून आले आणि पडदा काढला. कप-बशी, साबणाचे तुकडे, पावडरचा डबा, केसांचा आकडा, काकूंनी दिलेल्या रविवारच्या पुरवण्या, सगळं उशीवर रचलं आणि चादरीत बांधून खाली नेलं.

"उद्याच्या दिवस ठिवा काकू."

"काय गं, धाड पडनार हाय का?"

सगळं सांगितलं. काकूंनी गठुड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आईपासनं लपवायला चोरीचं हाय का हे?"

"तुमाला न्हाई कळायचं. तिला वाटंल मी लय उधळी झाले."

"बरं बाई. ठिव तितं देव्हाऱ्याखाली." मी त्यांना दोनदा बजावलं की आई आली की काही बोलू नका. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे मी बघायला पाहिजे होतं.

आई रविवारी दहा वाजता माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून पोवई नाक्यावर उतरली. खांद्यावर घोंगडं, हातात मेंढीच्या दुधाची किटली. नऊवारीचा काष्टा घट्ट. मला बघून हसली नाही; माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं दाबून बघितलं, मेंढरू घेताना बघतात तसं. रिक्षात बसायला तयार नव्हती. आम्ही चालतच गोडोलीला आलो.

खोलीत आल्यावर तिनं आधी पिठाचा डबा उघडला. मग पाण्याचा हंडा. मग चूल म्हणून ठेवलेली एक शेगडी. मी मनात म्हणाले, बघ, सगळं जिथल्या तिथं. ती खाली फरशीवर बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. पडद्याची दोरी काढली तरी खिळे राहिले होते. कपड्यांचं गठुडं करून मी उशाला ठेवलं होतं तेही तिनं बघितलं.

"ह्यावर निजतीस?"

"व्हय."

"आन् च्या कशात पितीस?"

मी स्टीलचा पेला दाखवला. तो कडेला चेपलेला आहे, मी त्यात पिठासाठी मीठ कालवते. आईनं तो हातात घेऊन फिरवून बघितला. मला वाटलं, जमलं. मी दूध तापवायला उठले तर मागून तिचा आवाज आला.

"दूध ऱ्हाऊ दे. कापडं भर."

"का?"

"का म्हनून काय इचारतीस. वाड्यावर याच्यापरीस बरं हाय. तितं चार कुत्री तरी असत्यात बोलायला. हितं तू तीन वर्सं अशी भिंतीला तोंड लावून बसलीस आन् फोनवर मला खुशाली सांगतीस." तिचा आवाज मोठा नव्हता. आई रागावली की मोठ्यानं बोलते. हा आवाज वेगळा होता. "भर कापडं. दोनच्या गाडीनं जाऊ."

मी उभी राहिले. खरं सांगायचं तर खोटं उघडं पडत होतं, आणि नाही सांगायचं तर जावं लागत होतं. घाबरले की मी हातातल्या कामाला लागते. मी खरोखरच पिशवी काढली आणि एक साडी घडी करायला घेतली.

तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी चढतंय असं ऐकू आलं. एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेत. मी राहायला आले त्या दिवशी त्या वर आल्या होत्या, त्यानंतर कधीच नाही; भाडंसुद्धा मीच खाली नेऊन देते. दारात आल्या तेव्हा चेहरा लाल झाला होता आणि काखेत माझं गठुडं होतं.

"आवं ताई," दम घेत त्या आईला म्हणाल्या, "तुमची पोरगी लय खोटारडी हाय. बसू का?"

आई गडबडून उठली, घोंगडं पसरलं. काकू त्यावर पाय लांब करून बसल्या आणि गठुड्याची गाठ सोडली. एकेक वस्तू काढून आईपुढं मांडायला लागल्या, बाजारात बसल्यासारखं. "ही उशी. खोळ हिनंच शिवलीया. हे कुत्रं काढलंय."

"मेंढी हाय ती," मी म्हणाले.

"मेंढी हाय म्हनं. ह्यो कप, ऐतवारी च्या प्यायचा. हा पडदा, माझ्या साडीचा. आन् हे बगा, साबन. सुतानं कापून ठिवती. माझा मुलगा अख्खी वडी पान्यात इरघळवून टाकतो, पगार हिच्या पाचपट. उधळी म्हनं. आवं, हिच्याकडनं उधळायला शिकावं लागंल."

आईनं साबणाचा तुकडा उचलला. वास घेतला. मग माझा हात ओढून घेतला आणि त्याचा वास घेतला. रबर. परत साबण हुंगला. तिला सांगावं लागलं नाही.

"मग लपवलंस का?"

"तू म्हनशील, घोड्याला इचारलंस का."

आई हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. पडद्याच्या कापडावरून हात फिरवत बसली. "आगं," ती हळू म्हणाली, "बिऱ्हाड उचलल्यावर मागं जागा ऱ्हाती न्हवं, चुलीचं तीन दगड आन् राख, तशी दिसली मला ही खोली. म्या म्हनलं, पोरगी रोज निघायच्या तयारीतच बसलीया. मग न्यावं हिला."

मी साडीची घडी तशीच हातात धरून रडले. काकू म्हणाल्या, "रडायचं मागनं. आधी पडदा लाव, ऊन येतंय माझ्या तोंडावर."

पडदा लावला. काकूंनी मला खाली पाठवून बंब पेटवायला लावला आणि आईला हुकूम केला की आता आंघोळ करायची. आई म्हणाली, सकाळी केली हाय. काकू म्हणाल्या, "ती तुमची केली. आता पोरीवानी करा." दोन बादल्या कढत पाणी आणि तो चंदनाचा तुकडा. मी मोरीच्या दाराबाहेर उभी होते. पाण्याचा आवाज थांबतच नव्हता. माझ्या मनात आलं, तुकडा संपवणार ही, महिन्याचा होता. असा विचार आल्याची मला लाज वाटली, पण आला तर आला. आई बाहेर आली तेव्हा तुकड्याची नखाएवढी चकती उरली होती आणि ती अपराध्यासारखी म्हणाली, "फेस लय येतो गं ह्याला."

मग मेंढीच्या दुधाचा चहा झाला. कप एकच, म्हणून कप आईला, बशी काकूंना, चेपलेला पेला मला. मेंढीचं दूध दाट. चहाला तुपासारखा तवंग आला. काकू म्हणाल्या की सुभेदार गेल्यापासून असा चहा प्याल्या नाहीत. आई म्हणाली, "ते काय मेंढरं राखत हुते का?" दोघी हसल्या. मी पहिल्यांदा आईला एखाद्या परक्या बाईबरोबर हसताना बघत होते. वाड्यावर तिला दुसरी बाई भेटली तर बोलणं पाण्याचं, चाऱ्याचं.

काकूंना हळूहळू खाली सोडून मी परत आले, तर आई उशीला हात लावून बघत होती. "पड जरा," मी म्हणाले. ती म्हणाली, दिवसाचं कोण निजतं. पण पडली. डोकं टेकलं, उचललं, परत टेकलं. पंखा लावला तर म्हणाली, नको, गार लागतं. बंद केला तर म्हणाली, असू दे. आणि बोलता बोलता झोपली. तोंड थोडं उघडं, ओल्या केसांना चंदनाचा वास. मी तिला दिवसा झोपलेलं आजवर कधी बघितलं नव्हतं. तापात असली तरी ती काठी धरून बांधावर बसायची.

दोनची गाडी गेली असावी. मी तिला उठवलं नाही. मी शेजारी बसून एकच विचार करत होते, उठल्यावर ती काय म्हणेल. हसणं, आंघोळ, चहा हे सगळं एकीकडं; वाड्यावर माणसं कमी पडतात हे तर खरंच होतं. तिनं अजून काही ठरवलंय असं म्हटलं नव्हतं. भरायला काढलेली पिशवी कोपऱ्यात तशीच उभी होती.

चारला ती उठली. क्षणभर तिला कळलंच नाही कुठं आहे. मग माझा फोन मागितला आणि भावाला लावायला सांगितला. फोन ती कानापासून वीतभर लांब धरते, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकू येतं.

"निघालीस का? ती येतीया न्हवं?"

"न्हाई येत ती."

"का? काय म्हनली?"

"म्हनायचं काय त्यात. बरं हाय तिचं. उशी हाय तिला."

"काय हाय?"

"उशी, उशी. कापसाची." आणि मग, "तू एखादा गडी बघ मेंढरामागं. ती ऱ्हाऊ दे हितंच."

पलीकडून भाऊ काहीतरी बोलत होता, तिनं फोन माझ्याकडं दिला. तो बंद कसा करायचा तिला येत नाही.

पाचच्या वडापला मी तिला सोडायला निघाले. खाली काकूंच्या दाराशी ती थांबली. वाकून त्यांच्या गुडघ्यांना हात लावायला लागली, तर काकू म्हणाल्या, "आवं, तुमी मोठ्या का मी मोठी ते तरी ठरवू." वय कुणालाच नीट माहीत नव्हतं. शेवटी दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि तो प्रश्न तसाच सोडला. दुधाची किटली आईनं काकूंकडंच ठेवली.

काकूंचे गुडघे त्यानंतर आठ दिवस सुजले होते. मला कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्या भिंत धरून चालताना दिसल्या तेव्हा कळलं. मी म्हणाले, एवढं करायची काय गरज होती, मला खालून हाक मारायची. त्या म्हणाल्या, "खालनं हाक मारली असती तर तू गठुडं न्यायला आली असतीस व्हय?" नसते आले.

त्या वर आल्या नसत्या तर मी त्या दोनच्या गाडीत बसले असते. मी तशीच आहे, भीतीनं पिशवी भरणारी. म्हणून इथं लिहून ठेवते, तोंडावर मला बोलता येत नाही. काकू, तुमचा मुलगा पुण्यात आहे, तो येईल न येईल. तुम्हाला जेव्हा उठणं-बसणं होणार नाही, तेव्हा तुमचं अंग धुवायला, वेणी घालायला, हाताला धरून उन्हात बसवायला मी असेन. तेव्हा मी साताऱ्यात असले काय, आणखी कुठं लांब असले काय, बोलावण्याची वाट बघणार नाही. तुमचं हे देणं माझ्याकडं आहे, ते मी देणार आहे.